मायक्रोकंट्रोलरची निवड : नाममुद्रा, किंमत आणि हिशेब

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस व्याख्यानासाठी पाचारण केले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. ज्ञातीच्या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, शिष्यवृत्ती, वधूवरसूचन अशा विषयांचा ऊहापोह होत असतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतून राहणारी आपल्या लोहार-सुतारांच्या ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली आज इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन नोकरीस लागली आहेत. काहींनी साकीनाक्याच्या वा मरोळच्या गाळ्यांतून स्वतःचा लहानसा उद्योगही मांडला आहे. या सर्वांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. नवे यंत्र बनवावयाचे, तर त्याच्या पोटात बसवावयाची मायक्रोकंट्रोलर नावाची चिप ओळखीच्या छापाची घ्यावी, की बाजारात स्वस्त मिळेल ती घ्यावी? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि त्याच्या उत्तरावर लहान कारखान्याचे वर्षभराचे कामकाज अवलंबून असते, हे आम्ही पाहिलेले आहे. म्हणून आज त्याविषयीच बोलावे असे आम्ही योजिले.

ज्यांचा या विद्येशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या चकतीत बसविलेला संपूर्ण छोटा संगणक. गणित करणारा भाग, स्मृती, आणि बाहेरच्या बटणांशी, दिव्यांशी, मोटारीशी बोलण्याच्या वाटा, हे सर्व एकाच तुकड्यात असते. कपडे धुण्याचे यंत्र, लिफ्ट, इन्व्हर्टर, वाण्याच्या दुकानातील वजनकाटा, रिक्षाचा मीटर, यांतील प्रत्येकात असा एक तरी तुकडा काम करीत असतो. त्यास काय करावयाचे ते इंजिनियर एकदा लिहून देतो. त्यास प्रोग्राम म्हणतात. आणि खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. एका कंपनीच्या चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या चिपवर जसाच्या तसा सहसा चालत नाही.

आपल्या वाडवडिलांपैकी अनेकांनी कापडगिरण्यांतून आणि परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांतून आयुष्ये काढली. त्यांच्यातील जुने कारागीर शेफील्डच्या कानशीवाचून दुसरीस हात लावीत नसत, हे आपणांपैकी ज्येष्ठांस स्मरत असेल. सुतार आपला रंधा दुसऱ्यास देत नसे आणि दुसऱ्याचा घेत नसे. यात अहंकार थोडा होता, पण पुष्कळसे शहाणपण होते. वर्षानुवर्षे वापरलेल्या पटाशीचे वजन, तिची धार, तिचा कल हे सर्व हातात मुरलेले असते; नवी पटाशी चार आण्यांनी स्वस्त मिळाली तरी ती हातास वळण लागेपर्यंत जे लाकूड बिघडते त्याचा हिशेब कोण करणार? इंजिनियरची गोष्टही तीच. चिपबरोबर तो तिचा कंपायलर शिकतो, चुका शोधण्याचे साधन शिकतो, शेकडो पानांची माहितीपुस्तिका वाचतो, आणि मुख्य म्हणजे त्या पुस्तिकेत न लिहिलेल्या खोडी अनुभवाने जाणतो. हे ज्ञान फुकट आलेले नसते. म्हणून नाममुद्रेवरील निष्ठेस केवळ हट्ट म्हणून हसणारे लोक आम्हांस उथळ वाटतात.

पण ही निष्ठा मुळात जडते कोठे? आमच्या मते ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जडते, आणि तेथे ती विचाराने जडलेली नसते. इंटेलने १९८० मध्ये बाजारात आणलेली ८०५१ ही चिप आपल्याकडील इंजिनियरिंगच्या अभ्यासक्रमात इतकी वर्षे शिकविली गेली की पिढ्याच्या पिढ्यांना मायक्रोकंट्रोलर म्हणजे ८०५१ एवढेच ठाऊक झाले. पुढे पवईच्या आय.आय.टी.ने ई-यंत्र हा उपक्रम हाती घेतला. त्यातील यंत्रमानव ॲटमेल कंपनीच्या एव्हीआर चिपवर चालत असल्यामुळे ज्या ज्या कॉलेजांत ते पोहोचले तेथील मुलांचा हात एव्हीआरवर बसला. इटलीतील इव्हरिया गावी २००५ मध्ये जन्मलेला आर्डुइनो बोर्डही त्याच चिपवर उभा होता. मोठ्या कंपन्यांनाही हे मर्म कळलेले आहे. म्हणून त्या कॉलेजांना स्वस्तात वा विनामूल्य बोर्ड देतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१० मध्ये आपला एक बोर्ड अवघ्या ४ डॉलर ३० सेंटला विकावयास काढला, तो काही नफ्यासाठी नव्हे. विद्यार्थिदशेत ज्या चिपवर पहिला दिवा लागतो, नोकरीत गेल्यावर तीच प्रथम आठवते, हा मनुष्यस्वभाव आहे.

या निष्ठेच्या भरात आपले इंजिनियर कधीकधी पंथाभिमानीही होतात. मायक्रोचिप कंपनीची पिक ही चिप मानणारे आणि ॲटमेलची एव्हीआर मानणारे यांच्यात कित्येक वर्षे शैव-वैष्णवांप्रमाणे वाद चालत असे. एकाने सोपेपणा सांगावा, दुसऱ्याने वेग सांगावा. पुढे २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल कंपनीच विकत घेतली आणि दोन्ही दैवते एकाच देव्हाऱ्यात बसली. भक्त मात्र काही दिवस भांबावलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी फ्रीस्केल कंपनी एनएक्सपीमध्ये विलीन झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर क्वालकॉमने आर्डुइनोच घेत असल्याचे जाहीर केले. ज्या नावाशी आपण एकनिष्ठ राहतो ते नाव स्वतः कोणाचे राहील याची शाश्वती नाही.

आता किमतीकडे वळू. येथे आम्हांस तरुण मित्रांपुढे एक साधे गणित मांडावयाचे आहे, कारण हे गणित न करताच पुष्कळ वाद घातले जातात. समजा, एखादा गाळा वर्षाला ५०० तापमाननियंत्रक बनवितो. नवी चिप जुन्यापेक्षा ६० रुपयांनी स्वस्त आहे. वर्षाची बचत झाली ३०,००० रुपये. पण नव्या चिपसाठी प्रोग्राम पुन्हा लिहावयाचा, बोर्डाची आखणी बदलावयाची, तपासण्या करावयाच्या, यास महिना ६०,००० रुपये घेणाऱ्या एका इंजिनियरचे तीन महिने गेले, तर खर्च झाला १,८०,००० रुपये. म्हणजे केलेला खर्च वसूल होण्यास सहा वर्षे लागणार. अशा ठिकाणी जुन्या नाममुद्रेस धरून राहणारा इंजिनियर हट्टी नाही, हिशेबी आहे.

हेच गणित पंख्याच्या कारखान्यास लावून पाहा. पवईच्या आय.आय.टी.तून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी २०१२ मध्ये ॲटमबर्ग ही कंपनी काढली, आणि जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो तेथे २८ वॅटमध्ये चालणारा पंखा घरोघर पोहोचविला. अशा प्रत्येक पंख्याच्या मोटारीवर एक मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना वीजबचतीचे तारांकन सक्तीचे झाल्यावर या धंद्यात चढाओढ वाढली. ज्या धंद्यात लाख नग निघतात तेथे चिपमागे २० रुपये वाचले तर २० लाख रुपये होतात. तेथे तीन महिन्यांचा पगार म्हणजे दर्यामे खसखस. तेव्हा निष्ठा चांगली की काटकसर चांगली, हा प्रश्न असा मोघम विचारण्यात काही अर्थ नाही. किती नग बनवावयाचे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेला गृहस्थ लहान गाळ्यास तीच काटकसर शिकवू लागतो, आणि लहान गाळ्यातून मोठ्या कंपनीत गेलेला तरुण तेथेही आपली जुनी चिप धरून बसतो. दोघांचेही गणित चुकलेले असते.

शिवाय चिपची किंमत म्हणजे केवळ पावतीवरील आकडा नव्हे. वजनकाट्यासारख्या उपकरणाच्या नमुन्यास वैध मापनशास्त्राच्या कायद्याखाली मान्यता घ्यावी लागते. आतली रचना बदलली की त्या मान्यतेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. आणि उपकरण दहा वर्षे चालावयाचे असेल तर चिपही दहा वर्षे मिळत राहिली पाहिजे. गिऱ्हाईक मागत आहे तोवर चिप बंद करावयाची नाही, असे मायक्रोचिप कंपनीचे जाहीर धोरण आहे. एसटी कंपनी आपल्या एस.टी.एम. ३२ या चिपांना दहा वर्षांच्या पुरवठ्याची हमी देते. अशा हमीचे मोल रुपयांत सांगणे कठीण, पण ते शून्य नाही.

येथवर आम्ही निष्ठेचा पक्ष घेतल्यासारखे झाले. आता २०२१ सालाची आठवण करून देणे भाग आहे. महामारीच्या पहिल्या वर्षी मोटारगाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. मागणी परत आली तेव्हा चिप बनविणाऱ्या कारखान्यांत जागा उरली नव्हती. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये अभूतपूर्व थंडी पडून ऑस्टिन येथील एनएक्सपी, इन्फिनिऑन यांचे कारखाने बंद पडले, आणि १९ मार्च रोजी जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यास आग लागली. मायक्रोकंट्रोलर हे बहुधा जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर बनतात; त्यांच्यासाठी नवे कारखाने उभारण्याची कोणास घाई नसते. त्यामुळे तुटवड्याचा फटका याच स्वस्त चिपांना अधिक बसला. जी चिप तीनचार महिन्यांत येत असे तिला वर्षभराची मुदत सांगू लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे मारुतीने जाहीर केले. महिंद्र कंपनीने त्याच महिन्यात सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे ठरविले.

मोठ्यांची ही दशा, तर आमच्या साकीनाक्याच्या गाळेवाल्यांची काय असेल! एस.टी.एम. ३२ मालिकेतील जी चिप ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडवरील कोणत्याही दुकानात सहज मिळे, तिचा भाव कित्येक पटींनी वाढला, आणि तरीही दुकानदार शंभर नगांची मागणी ऐकून मान हलवू लागले. आमच्या परिचयातील एका गाळ्यात प्लॅस्टिकच्या साच्यांच्या यंत्रांसाठी तापमाननियंत्रक बनतात. त्यांचे पेटीकाम तयार, रिले तयार, पडदे तयार, आणि एका चिपपायी सर्व माल फळीवर पडून राहिला. कामगारांचे पगार चालूच होते. मालक हिशेबी माणूस. वर सांगितलेले गणित करूनच तो एका नाममुद्रेशी बांधलेला होता. मग चुकले कोठे? त्याच्या गणितात चिप न मिळण्याची किंमत धरलेली नव्हती. आणि आम्ही ज्यास या विषयाचा गाभा समजतो तो येथे आहे.

८०५१ ची कथा या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. ती इंटेलची खरी, परंतु तिची रचना इंटेलने इतरांनाही बनवू दिली. फिलिप्स, सीमेन्स, ॲटमेल यांनी त्याच रचनेच्या चिपा काढल्या. आपल्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनी जी हाताळली ती बहुधा इंटेलची नव्हतीच. ॲटमेलची वा फिलिप्सची होती. २००७ च्या सुमारास इंटेलने ही चिप बनविणे थांबविले, तेव्हा कोणाचा कारखाना अडला असे आमच्या ऐकिवात नाही. ज्याचे ज्ञान रचनेशी निगडित होते त्याचे काही बिघडले नाही. सुताराची निष्ठा पटाशीवरील छापाशी असेल तर छाप गेल्यावर तो अडतो. पटाशीच्या घडणीशी असेल तर दुसऱ्या लोहाराकडून तो तशीच करून घेतो. चिप निवडताना तिची किंमत काय, हे विचारावेच. पण हीच रचना आणखी कोण बनवितो, हेही त्याच दमात विचारावे.

यावर कोणी म्हणेल की मग चिनी बनावटीची हुबेहूब चिप घेतली म्हणजे झाले. बीजिंगच्या गिगाडिव्हाइस कंपनीची जी.डी. ३२ ही मालिका एस.टी.एम. ३२ च्या जागी पायास पाय जुळवून बसते, आणि तुटवड्याच्या काळात तिने कित्येकांस तारले हे खरे आहे. पण हुबेहूब म्हणजे तंतोतंत नव्हे. तिची आतली स्मृती निराळ्या पद्धतीने वाचली जाते, त्यामुळे काही ठिकाणी प्रोग्राम अधिक वेगाने धावतो. ज्याने कालमापन नुसत्या फेऱ्या मोजून केले असेल त्याचे काल चुकतात. अशा प्रतिचिपा उजळ माथ्याने आपल्या नावाने विकल्या जातात, हे तरी बरे. खोट्या नावाने विकल्या जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. संगणकाच्या यूएसबी वाटेस उपकरण जोडणारी, स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची एक चिप आहे. तिच्या नकला बाजारात बोकाळल्या. २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोजच्या नित्याच्या सुधारणेबरोबर कंपनीने असे ड्रायव्हर पाठविले की नकली चिपची ओळखच पुसली जाई आणि ती निकामी होई. ज्यांनी खऱ्या समजून नकली घेतल्या होत्या त्यांची उपकरणे एका सकाळी मुकी झाली. ओरड झाल्यावर ते ड्रायव्हर मागे घेण्यात आले. लॅमिंग्टन रोडवर भाव निम्मा ऐकला की प्रथम पावती मागावी, एवढेच आम्ही सांगतो; पावतीचे नाव काढताच भाव बदलला तर समजावयाचे ते समजावे.

अतिस्वस्त चिपांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तरुण मंडळी त्यांनी फार भारून गेलेली दिसतात. तैवानच्या पडॉक कंपनीची एक चिप ३ सेंटला, म्हणजे दोनअडीच रुपयांना मिळते. खेळण्यात, दिव्याच्या माळेत ती उत्तम. पण तिच्यात प्रोग्राम एकदाच लिहिता येतो. आता उपनगरातील रिक्षाचा मीटर घ्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये किमान भाडे २१ चे २३ रुपये झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये २६ झाले; प्रत्येक वेळी हजारो मीटर नव्या दराशी जुळवून घ्यावे लागले, आणि तोवर चालक दरपत्रक दाखवून भाडे घेत होते. ज्या उपकरणाचा दर सरकार बदलते त्यात न बदलणारी चिप घालून कसे चालेल? स्वस्ताई कोठे शोभते, हे उपकरणाच्या आयुष्यावरून ठरते.

याउलट चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीने २०२२ मध्ये आणलेली सी.एच. ३२ व्ही ००३ ही चिप १० सेंटच्या आत मिळते, तिच्यात प्रोग्राम पुन्हा पुन्हा लिहिता येतो, आणि तिची रचना रिस्क-फाइव्ह ही आहे. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात २०१० मध्ये या रचनेचा आरंभ झाला. तिच्या आज्ञावलीवर कोणाची मालकी नाही. ती वापरण्यास कोणास शुल्क द्यावे लागत नाही. आपल्या सी-डॅक संस्थेने वेगा या नावाने जे प्रोसेसर सिद्ध केले आणि तेजस ३२ ही चिप बसवून जे बोर्ड काढले, तेही याच रचनेवर. ८०५१ च्या बाबतीत जे इंटेलच्या परवानगीने घडले ते येथे परवानगीवाचून घडत आहे. एकच रचना, आणि बनविणारे अनेक. एकदा या रचनेवर हात बसला की चीनची चिप सोडून भारताची घेताना सारेच नव्याने शिकावे लागणार नाही. भोवतालची यंत्रणा निराळी असेल, तेवढे मात्र शिकावे लागेल.

स्वदेशीचा प्रश्न सभेत निघणारच, म्हणून आम्हीच तो काढतो. पवईच्या आय.आय.टी.ने २०१९ मध्ये अजित नावाचा मायक्रोप्रोसेसर जगापुढे मांडला. तो मोहालीच्या सरकारी कारखान्यात घडविला गेला. आम्हांस त्याचा अभिमान आहे. परंतु अभिमानापोटी लहान गाळेवाल्याने आपल्या मालात अजून सर्रास न मिळणारी चिप घालावी, असे आम्ही सांगणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये धोलेरा येथे टाटांच्या चिपकारखान्याची पायाभरणी झाली, आणि तेथे बनावयाच्या मालात मायक्रोकंट्रोलरचेही नाव घेतले गेले. तो माल बाजारात येईल तेव्हा त्यास आपले गाळेवाले सहज स्वीकारू शकतील अशी पूर्वतयारी मात्र आज करता येते, आणि तीस फारसा खर्च नाही. प्रोग्राम लिहितानाच चिपशी थेट बोलणारा भाग निराळ्या प्रकरणात ठेवावा आणि तापमान किती, भाडे किती, वजन किती हा हिशेबाचा भाग निराळा ठेवावा. चिप बदलली तर पहिले प्रकरण तेवढे पुन्हा लिहावे लागते. वर ज्या गाळ्याची हकीकत सांगितली तेथे हे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले होते. सोडवण्यास चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत दोन जुनी गिऱ्हाइके तुटली ती तुटलीच.

जाता जाता कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. ज्ञातीच्या अभ्यासिकेत मुलांसाठी पुस्तके आहेत. तेथे एका कपाटात मायक्रोकंट्रोलरचे बोर्डही असावेत, आणि ते एकाच छापाचे नसावेत. एक एव्हीआरचा, एक एस.टी.एम. ३२ चा, एक रिस्क-फाइव्हचा, आणि जमल्यास एक सी-डॅकचा. सर्वांची मिळून किंमत इंजिनियरिंगच्या एका वर्षाच्या पुस्तकांहून अधिक होणार नाही. मुलांनी एकच प्रोग्राम, समजा भट्टीचे तापमान राखण्याचा, चारही बोर्डांवर चालवून दाखवावा आणि प्रत्येकास किती तास लागले ते वहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी त्या वहीतील आकडे याच स्मरणिकेत छापता येतील. मंडळाने मान्यता दिल्यास दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दोन तास आम्ही अभ्यासिकेत येऊन बसू.